हान्स बर्गर : मेंदूच्या लहरींचा शोधक

अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांविषयी बोलताना ‘ईईजी’ तपासणीचे नाव हमखास निघते. डोक्याला तारा लावून मेंदूतील विद्युत-लहरी कागदावर उमटविणाऱ्या या तपासणीचे जनक हान्स बर्गर. त्यांचा जन्म २१ मे १८७३ रोजी जर्मनीत कोबुर्गजवळील नॉयझेस येथे झाला. वडील डॉक्टर होते. आईचे वडील म्हणजे नल-दमयंतीची कथा संस्कृतातून जर्मन भाषेत नेणारे कवी फ्रीडरिश रुकर्ट.

तरुणपणी सैन्यात असताना बर्गर घोड्यावरून तोफगाड्यापुढे पडले आणि थोडक्यात वाचले. त्याच दिवशी घरून तार आली. भाऊ संकटात असल्याचे बहिणीला जाणवले होते. विचार मनातून मनाकडे पोहोचतो, अशी त्यांची समजूत झाली. ती पुराव्यावर टिकली नाही. पण तिचा पाठपुरावा करतानाच ते वैद्यकाकडे वळले आणि पुढे येना येथील मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले.

१९२४ मध्ये, शस्त्रक्रियेत कवटीचे हाड काढलेल्या एका सतरा वर्षांच्या मुलाच्या मेंदूची विद्युत-स्पंदने त्यांनी टिपली. पाच वर्षे ते गप्प राहिले. मुलगा क्लाउस याच्यावर पुनःपुन्हा प्रयोग करीत शंका फेडत राहिले. १९२९ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मेंदूत सेकंदाला सुमारे दहा लहरी उठतात, डोळे उघडताच त्या मावळतात. लहान मुलांच्या लहरी याहून संथ असतात आणि वयाबरोबर त्यांचा वेग वाढतो. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी पडताळा घेतल्यावर जग या शोधाकडे वळले.

वर्गात क्षणभर शून्यात पाहणाऱ्या, लक्ष नाही म्हणून बोलणी खाणाऱ्या काही मुलांना वस्तुतः अपस्माराचा एक प्रकार असतो, हे या आलेखातून उघड होऊ शकते. वाचनात अडखळणाऱ्या मुलांत संथ लहरी अधिक असल्याचे काही अभ्यासांत आढळले आहे. तथापि केवळ आलेख पाहून अध्ययन-अक्षमतेचे निदान होत नाही, हे पालकांनी ध्यानी ठेवावे.

आता चरित्राची दुसरी बाजू. जुलै १९३३ मध्ये नाझी सरकारने आनुवंशिक रोगांच्या नावाखाली सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला. त्याच्या यादीत प्रथम होते जन्मजात मतिमंदत्व. ते ठरविताना शाळेतल्यासारखे प्रश्न विचारले जात. मंदगती मुलांच्या विशेष शाळेत शिकलेला विद्यार्थी आधीच संशयित ठरे. सुमारे चार लाख स्त्री-पुरुष या कायद्याला बळी पडले. निर्णय खास न्यायालये देत आणि त्यांत डॉक्टरही बसत. येना येथील अशा न्यायासनावर बर्गर बसले. बालकाचा मेंदू वयाबरोबर बदलत जातो, हे आलेखावर पाहिलेल्या माणसाने त्या कायद्याला आपले ज्ञान पुरवावे, ही गोष्ट मला विसरता येत नाही.

१९३८ मध्ये ते निवृत्त झाले. पुढे नैराश्याने घेरले आणि १ जून १९४१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. युद्धानंतरच्या अनेक चरित्रांनी त्यांना नाझींनी छळलेला शास्त्रज्ञ म्हणून रंगविले. जुनी कागदपत्रे तपासून इतिहासकारांनी ते चित्र दुरुस्त केले, तेव्हा त्यांच्या मृत्यूला अर्धशतक उलटून गेले होते.