सत्ता वाटून टाकणारा राजा

औंध म्हटले की पुष्कळांना फक्त सूर्यनमस्कार आठवतात. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे ते वेडच होते. शाळेतल्या पोरांना नमस्कार चुकवता येत नसत. स्वतः चित्रे काढणारा, कीर्तनाला उभा राहणारा हा राजा मला मात्र मोठा वाटतो तो वेगळ्याच कारणाने.

१८६८ साली जन्मलेले भवानराव १९०९ मध्ये गादीवर आले. संस्थान जेमतेम बहात्तर गावांचे, तेही सलग नव्हे. औंध एकीकडे, दुष्काळी आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे. वर इंग्रजांची नजर. अशा राजाने शिकारी कराव्यात आणि सलामीच्या तोफा मोजाव्यात, हीच त्या काळची रीत. यांनी १९१० साली बेळगावहून कारखाना हलवावा लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळचा निवडुंगाचा माळ दिला, वर दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमागेही त्यांचेच पाठबळ होते.

पण खरी कसोटी लागली ती सत्तरीत. चिरंजीव अप्पासाहेब विलायतेतून बॅरिस्टर होऊन आले होते. मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरने कल्पना मांडली, गांधीजींचा सल्ला घेतला गेला आणि १९३८ च्या नोव्हेंबरात राजाने आपली सत्ता रयतेला देत असल्याचे जाहीर केले. जानेवारी १९३९ मध्ये तसा कायदा झाला. गावाने पंच निवडायचे, पंचायतींतून तालुक्याची सभा आणि तिच्यातून संस्थानचे विधिमंडळ. मागणाऱ्याला राज्य देणारे राजे थोडे. इथे तर रयतेने फारसे मागितलेही नव्हते! पिढ्यान्‌पिढ्या मुजरा करणाऱ्या शेतकऱ्याला एकदम कारभारी व्हायचे होते, आणि ते सोपे नव्हते. पुढे बेचाळीसच्या चळवळीतल्या भूमिगतांना याच मुलखात आसरा मिळाला.

देश स्वतंत्र झाला आणि ८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. राजाबरोबर पंचायतींचे ते राज्यही गेले. हा घाव मला राजाच्या गादीपेक्षा गावांना अधिक लागला असे वाटते. भवानराव १९५१ साली वारले.

यमाईच्या डोंगरावर त्यांचे चित्रसंग्रहालय आहे. रविवर्म्याची चित्रे पाहायला लोक चढून जातात. आणि आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, कैद्यांची बिनभिंतींची वसाहत. शांतारामबापूंना ‘दो आँखें बारह हाथ’ सुचला तो तिच्यावरूनच.