हवा गेली की ब्रेक का लागतो? जॉर्ज वेस्टिंगहाऊसची गोष्ट

मोठ्या ट्रेलरच्या पुढच्या बाजूला हवेच्या दोन नळ्या लोंबताना तुम्ही पाहिल्या असतील. एक नळी ट्रेलरला हवा पुरवते, दुसरी ब्रेक लावण्याचा आदेश नेते. हवा पुरवणारी नळी तुटली तर काय होतं? ट्रेलर मोकाट सुटत नाही, त्याचे ब्रेक आपोआप लागतात. या कल्पनेचं मूळ रेल्वेत आहे आणि ते जॉर्ज वेस्टिंगहाऊसपर्यंत जातं.

1846 साली न्यूयॉर्क राज्यात जन्मलेला जॉर्ज वडिलांच्या शेती-अवजारांच्या कारखान्यात वाढला. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तो लढला आणि एकोणिसाव्या वर्षी त्याने पहिलं पेटंट मिळवलं. त्या काळी रेल्वेच्या प्रत्येक डब्याचा ब्रेक हाताने आवळावा लागे. मालगाडीचे ब्रेकमन धावत्या गाडीच्या टपावरून एका डब्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत. पाय घसरला की संपलंच. दोन मालगाड्यांची टक्कर पाहिल्यावर वेस्टिंगहाऊसच्या डोक्यात हा विषय घर करून बसला. आल्प्समधला बोगदा दाबलेल्या हवेवरच्या यंत्रांनी खोदतात, हे त्याने एका मासिकात वाचलं आणि त्याला वाट सापडली.

1869 मध्ये त्याने हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. पिट्सबर्गजवळच्या चाचणीतच रुळांवर एक घोडागाडी आडवी आली आणि गाडी तिच्या अलीकडे काही फुटांवर थांबली, असं सांगतात.

पण या ब्रेकमध्ये एक मोठी खोट होती. इंजिनातून हवा सोडली की ब्रेक लागायचा. म्हणजे नळी फुटली किंवा गाडीचे दोन तुकडे झाले, की नेमका गरजेच्या वेळी ब्रेक गायब!

1872 मध्ये त्याने सगळं उलटं केलं. नळीत कायम दाब ठेवायचा, प्रत्येक डब्याखाली हवेची स्वतंत्र टाकी आणि एक झडप बसवायची. नळीतला दाब कमी झाला की झडप टाकीतली हवा ब्रेककडे सोडते. गाडी तुटली तर दोन्ही तुकडे थांबतात.

तरीही लांब मालगाड्यांनी त्याला घाम फोडला. 1886 मध्ये आयोवातल्या बर्लिंग्टनच्या चाचण्यांत 50 डब्यांच्या गाड्या होत्या. पुढचे डबे थांबत, पण दाब कमी झाल्याचा परिणाम मागे पोहोचेपर्यंत मागचे डबे पुढच्यांवर आदळत. दुसरा कुणी असता तर मालगाडीचा नाद सोडून देता. वेस्टिंगहाऊसने पुढच्याच वर्षी झडप सुधारली. आता प्रत्येक डब्यावरची झडप नळीतली थोडी हवा तिथल्या तिथे काढून घेई, त्यामुळे ब्रेक शेवटपर्यंत भराभर लागत गेले.

1893 च्या कायद्याने अमेरिकेतल्या रेल्वेगाड्यांना इंजिन ड्रायव्हरच्या हाती राहतील असे ब्रेक सक्तीचे केले. टपावरच्या उड्या हळूहळू बंद झाल्या.

टेस्लाची पेटंटं घेऊन विजेच्या धंद्यात एडिसनशी टक्कर देणारा वेस्टिंगहाऊस तो हाच. 1907 च्या आर्थिक संकटात त्याची वीज कंपनी त्याच्या हातून निसटली. ब्रेकची कंपनी मात्र तगून राहिली. 1914 मध्ये न्यूयॉर्कला तो वारला.