रणभूमीचें सत्य दाखविणारा मॅथ्यू ब्रेडी

आपल्या अहमदनगरांत १८३१ सालीं अमेरिकन मिशनचें काम सुरू झालें, हें वाचकांस ठाऊक आहेच. त्या मिशनरी लोकांच्या मायदेशांत १८६१ पासून १८६५ पर्यंत उत्तर व दक्षिण प्रांतांमध्यें घोर यादवी युद्ध झालें. दक्षिणेंतील गुलामगिरी हें त्याचें मूळ. तेथील कापूस विलायतेस जाईनासा झाला, म्हणून मुंबई इलाख्यांतील कापसाचा भाव एकाएकीं चढला व पुष्कळांच्या हातीं पैसा खेळूं लागला. परंतु त्याच वेळीं तिकडे किती घरें उजाड होत होतीं, हें ज्याच्या खटपटीनें लोकांस डोळ्यांनीं दिसलें, त्या मॅथ्यू ब्रेडीचें चरित्र जाणण्याजोगें आहे.

सुमारें १८२३ सालीं जन्मलेल्या या गृहस्थानें १८४४ सालीं न्यूयॉर्क शहरांत फोटो काढण्याचें दुकान घातलें. मोठमोठे लोक त्याच्याकडे येत. पुढें राष्ट्राध्यक्ष झालेल्या लिंकन यांचें चित्र १८६० सालीं त्यानें काढलें व तें देशभर पसरलें.

युद्ध पेटतांच त्यानें गाड्या व माणसें सैन्यामागें धाडलीं. त्या काळीं कांचेवर औषध लावून, ती ओली असतांच कॅमेऱ्यांत घालावी लागे व लागलीच अंधारांत धुवावी लागे. यास्तव झांकलेली गाडी हीच अंधारी खोली असे. हलणारी वस्तु स्पष्ट उमटत नसे. म्हणून प्रत्यक्ष लढाईचें चित्र निघेना. तंबूसमोर बसलेले शिपाई, छावणींतील चुली, जखमी लोक आणि शेवटीं प्रेतें, हींच उमटत.

१७ सप्टेंबर १८६२ रोजीं अँटीटम ओढ्याच्या कांठीं एका दिवसांत सुमारें २३,००० माणसें मृत, जखमी किंवा बेपत्ता झालीं. ब्रेडीच्या पदरचे अलेक्झांडर गार्डनर व जेम्स गिब्सन यांनीं, पुरावयाचीं राहिलेलीं प्रेतें असतांनाच, तेथें चित्रें काढलीं. पुढल्याच महिन्यांत ब्रेडीनें तीं न्यूयॉर्कच्या आपल्या चित्रशाळेंत मांडलीं. तोंपर्यंत वर्तमानपत्रांत मृतांच्या नांवांची यादी येई. आतां कोणा मातेचा पुत्र कसा पडला आहे, हें शहरवासीयांनीं पाहिलें.

एक उणेपण मात्र सांगितलें पाहिजे. ब्रेडीची दृष्टि अधू होती व पुष्कळ चित्रें मदतनिसांनीं काढलेलीं होतीं, तरी तीं त्याच्याच नांवानें प्रसिद्ध होत. गार्डनर यानें पुढें वेगळें होऊन १८६६ सालीं आपलें पुस्तक काढलें, तेव्हां ज्यानें जें चित्र काढलें त्याचें नांव त्याखालीं दिलें.

युद्ध संपल्यावर तीं चित्रें कोणास नकोशीं झालीं. ब्रेडी कर्जांत बुडाला. १८७५ सालीं सरकारनें २५,००० डॉलर देऊन कांचा घेतल्या, तरी त्याची विपत्ति सरली नाहीं. १५ जानेवारी १८९६ रोजीं न्यूयॉर्कच्या एका इस्पितळांत तो दरिद्री अवस्थेंत मरण पावला. आज त्या कांचा राष्ट्राचा ठेवा म्हणून जपल्या जातात.

आपल्या गांवांतूनही मुलगे सैन्यांत जातात. यास्तव दूरदेशच्या लढाईंत इतके पडले असें वाचतांना, त्या आंकड्यांतील प्रत्येक जण कोणाच्या तरी घरचा होता, हें आपण विसरूं नये.