बेंजामिन फ्रँकलिन : एक वाटणी, एक ठेव

संपत्ती मिळविण्यास कष्ट पडतात. पण ती पुढील पिढीच्या हाती सोपविताना विवेकाची कसोटी लागते. अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्यातील अग्रणी, मुद्रक व शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन यांचे मृत्युपत्र या दृष्टीने मननीय आहे.

फ्रँकलिन यांचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी बोस्टन येथे झाला. वडील साबण व मेणबत्त्या तयार करीत. घरात सतरा अपत्ये. त्यामुळे शालेय शिक्षण जेमतेम दोन वर्षेच झाले. बंधूंच्या छापखान्यात उमेदवारी करून ते सतराव्या वर्षी फिलाडेल्फियास आले. पुढे दोन मित्रांनी कर्जाऊ रक्कम दिली आणि छापखाना त्यांच्या एकट्याच्या मालकीचा झाला. हे साहाय्य ते कधीही विसरले नाहीत.

१७ जुलै १७८८ रोजी त्यांनी मृत्युपत्र केले. मालमत्तेचा मोठा भाग कन्या सारा व जावई रिचर्ड बाख यांना दिला. जावयाकडील दोन हजार पौंडांहून अधिक येणे माफ केले आणि त्याने आपल्या बॉब नावाच्या गुलामास मुक्त करावे, अशी इच्छा व्यक्त केली. फ्रान्सच्या राजाने दिलेली ४०८ हिऱ्यांनी मढविलेली तसबीर कन्येस देताना, त्या हिऱ्यांचे दागिने घडवू नयेत, असे बजावले. मुद्रणाची सामग्री एका नातवास, तर कागदपत्रे दुसऱ्या नातवास दिली. बोस्टनमधील वृद्ध भगिनीच्या निवाऱ्याची व वार्षिक निर्वाहाचीही तरतूद केली.

पुत्र विल्यम मात्र युद्धात इंग्लंडच्या राजाच्या बाजूस राहिला होता. त्याच्या वाट्यास नोव्हा स्कोशियातील जमिनीवरील हक्क, त्याच्यापाशी आधीपासून असलेली पुस्तके व कागद आणि जुन्या देण्याची माफी एवढेच आले. युद्धातील त्याचे वर्तन हेच कारण पित्याने स्पष्टपणे नोंदविले.

२३ जून १७८९ रोजी पुरवणी जोडून त्यांनी बोस्टन व फिलाडेल्फिया या नगरांना प्रत्येकी एक हजार पौंड दिले. पंचविशीच्या आतील विवाहित तरुण कारागिरांना या निधीतून पाच टक्के व्याजाने कर्ज द्यावे, त्यांनी दरसाल दशांश फेडावा आणि परत आलेली रक्कम पुढच्या गरजूस द्यावी, अशी योजना होती. तिची मुदत दोनशे वर्षांची.

१७ एप्रिल १७९० रोजी फ्रँकलिन निवर्तले. शतकानंतर बोस्टनच्या निधीतील रकमेतून तंत्रशिक्षणाची संस्था उभी राहिली. १९९० मध्ये मुदत संपली तेव्हा बोस्टनचा निधी सुमारे पन्नास लाख डॉलर, तर फिलाडेल्फियाचा सुमारे वीस लाख डॉलर झाला होता.

ज्यांचे मुखही पाहिले नव्हते, अशा तरुणांवर या पुरुषाने दोन शतकांचा विश्वास टाकला. परंतु स्वतःच्या पुत्राविषयीचा रोष त्याला अखेरपर्यंत सोडता आला नाही. ठेव वाढत गेली, दुरावा तसाच राहिला. मृत्युपत्र लिहिणाऱ्या प्रत्येकाने या दोन्ही गोष्टी ध्यानी घ्याव्यात.