इतिहासाचार्य राजवाडे : कागदपत्रांचा शोधक

शाळेच्या वाचनालयांत जीं पुस्तकें सर्वांत आधीं झिजतात, तीं बहुधा गुप्तहेरांच्या कथांचीं असतात. त्यांतही शोधक पोलीस खात्यांतला नसून ग्रंथांत रमणारा साधा गृहस्थ असला, म्हणजे गोडी दुणावते; कारण त्याच्यापाशीं अधिकार नसतो, असते ती केवळ चौकस बुद्धि. परंतु असा शोधक कल्पनेंतच असतो असें नाहीं. आपल्या खानदेशांत, धुळें येथें, ज्यांनीं देह ठेविला ते विश्वनाथ काशीनाथ राजवाडे अशांपैकींच होते.

त्यांचा जन्म १८६३ सालीं कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड, जिल्ह्यांतील वरसई गांवीं झाला. डेक्कन कॉलेजांतून ते बी. ए. झाले. पत्नी तरुणपणींच वारली. त्यांनीं पुन्हां संसार मांडला नाहीं. पुढें वाई येथें पानिपतच्या मोहिमेसंबंधीं जुनीं पत्रें त्यांच्या हातीं आलीं आणि जन्माचें कार्य ठरलें.

गांवोगांव हिंडून, हातानें स्वयंपाक करून, जुन्या वाड्यांतील पेट्या व दप्तरें त्यांनीं धुंडाळलीं. वाळवी पुढें, राजवाडे मागें, अशी ती शर्यत होती. कागद मिळाला तरी कोडें सुटत नसे. पत्रावर तिथि किंवा मुसलमानी महिन्याचा चंद्र असे, पण साल पुष्कळदां नसे. मग मजकुरांतील माणसें, मुक्काम व लढाया ताडून तें साल ठरवावें लागे. उत्तरकालीं लिहिलेल्या बखरी आणि ग्रँट डफचा इतिहास यांतील चुका अशा पत्रांच्या साक्षीनेंच त्यांनीं दाखविल्या.

‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला; पुढें खंडांची संख्या बावीस झाली. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ त्यांच्या पुढाकारानें स्थापन झालें. इंग्रजी उत्तम येत असूनही त्यांनीं आपलें लेखन मराठींतच केलें.

त्यांचा स्वभाव तापट होता, मतें टोकाचीं असत. त्यांचे कित्येक निष्कर्ष पुढील विद्वानांनीं त्याज्य ठरविले. परंतु ते त्याज्य ठरवितां आले, कारण पुरावा त्यांनीं स्वतःच छापून सर्वांपुढें ठेविला होता. आपलें मत खोटें ठरविण्याचें साधन दुसऱ्याच्या हातीं देणें, ही सत्यनिष्ठेची खरी कसोटी होय.

३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास त्यांचा अंत झाला. त्यांच्या स्मरणार्थ तेथें राजवाडे संशोधन मंडळ उभें राहिलें.

शुभवर्तमानांतील त्या स्त्रीनें एका हरवलेल्या नाण्यासाठीं दिवा लावून सारें घर झाडलें. विद्यार्थ्यांनो, जळगांव-धुळ्याच्या जुन्या घरांतून अजूनही मोडी कागदांचीं गांठोडीं माळ्यावर पडून असतील. तीं रद्दींत जाण्यापूर्वीं कोणा जाणत्यास दाखवा. रहस्यकथा वाचून जी चौकस बुद्धि तुम्हांस लाभते, तिला याहून चांगलें काम कोणतें?