वाटाड्या जिम कॉर्बेट

जिम कॉर्बेट हे नाव घेतले की डोळ्यांसमोर नरभक्षक वाघ उभा राहतो. मलाही तेवढेच ठाऊक होते. मागच्या वर्षी त्यांचे १९४४ साली निघालेले 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' हे पुस्तक ग्रंथालयातून घेतले आणि शब्दकोश जवळ ठेवून वाचू लागलो. वाघांच्या गोष्टींच्या मध्येच एक प्रकरण माशावर निघाले, आणि मी तिथेच थांबलो. कारण मी मासोळी मारणाऱ्याच्या घरातला. जलालखेड्याकडे, जाम नदी वर्धेला मिळते त्या भागात माझे वडील जाळे टाकतात. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. पहिल्या वर्षी वर्गात कुणी वडिलांचा धंदा विचारला, तेव्हा मी शेती असे सांगून मोकळा झालो होतो. आमच्याजवळ एक गुंठाही जमीन नाही.

कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालला झाला. वडील तिथे पोस्टमास्तर होते. जिम सहा वर्षांचे होण्याच्या सुमारास ते वारले. भावंडे पुष्कळ, मिळकत बेताची. हिवाळ्यात कुटुंब पायथ्याच्या कालाढुंगी गावी राही. तिथल्या जंगलात हा मुलगा वाढला. त्याला जंगल शिकवणाऱ्यांत कुंवरसिंग नावाचा एक गावकरी होता. सरकारच्या लेखी तो चोरटा शिकारी, पण कॉर्बेट यांनी त्याला आपला गुरू मानले आणि पुढे त्याची गोष्ट आदराने लिहून ठेवली.

महाविद्यालयीन शिक्षण त्यांना लाभले नाही. तरुणपणीच त्यांनी रेल्वेची नोकरी धरली आणि गंगाकाठच्या मोकामा घाटावर वीस वर्षांहून अधिक काळ मालाची चढउतार करून घेण्याचे काम केले. १९०७ साली त्यांनी चंपावतची वाघीण मारली. तिने ४३६ माणसे मारल्याची नोंद आहे. १९२६ साली रुद्रप्रयागचा बिबट्या मारला. या गोष्टी सर्वांना माहीत आहेत, म्हणून इथे विस्तार करीत नाही.

मला सांगायचे आहे ते नदीकाठच्या कॉर्बेट यांच्याविषयी. विलायतेत पिसे आणि दोरा गुंडाळून गळाला किड्याचे रूप देतात व तो पाण्यावर अलगद फेकतात. आपल्याकडचा महासीर मात्र चमच्याच्या आकाराच्या चकाकत्या पत्र्यावरही झेप घेतो. हा मासा चाळीस-पन्नास किलोंपर्यंत वाढतो आणि वेगवान प्रवाहात राहतो. हलक्या काठीने त्याला खेळवणे यासारखा दुसरा आनंद कॉर्बेट यांना वाटत नसे. पण त्या प्रकरणात माशापेक्षा नदी, पक्षी आणि झाडीच जास्त आहे. मासा न लागलेला दिवसही त्यांच्या लेखी वाया जात नाही.

पुढे बंदूक मागे पडली आणि कॅमेरा हाती आला. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासारखे पाहुणे कालाढुंगीच्या रानात येत, तेव्हा वाट दाखवायला कॉर्बेटच असत. १९३६ साली रामगंगेच्या खोऱ्यात राष्ट्रीय उद्यान झाले, त्यामागे त्यांचीही खटपट होती. त्यांच्या मृत्यूनंतर त्याच उद्यानाला त्यांचे नाव दिले गेले.

आपल्या भागाशीही त्यांचा संबंध आला, हे वाचून मी चकित झालो. १९४४ साली, वयाच्या अडुसष्टाव्या-एकोणसत्तराव्या वर्षी, ब्रह्मदेशच्या लढाईवर जाणाऱ्या सैनिकांना जंगलात कसे वावरावे हे शिकवायला ते छिंदवाड्याला होते. नरखेडहून उत्तरेला पांढुर्णा, आणि त्यापलीकडे छिंदवाडा. कालाढुंगीच्या गावकऱ्यांकडून घेतलेली विद्या त्यांनी आपल्या शेजारी बसून पलटणीला दिली!

१९४७ च्या अखेरीस ते बहीण मॅगीसह केनियाला गेले. फेब्रुवारी १९५२ मध्ये तिथल्या ट्रीटॉप्स या झाडावरच्या मुक्कामात राजकन्या एलिझाबेथ उतरल्या, तेव्हा सोबतीला हा म्हातारा वाटाड्या होता. त्याच रात्री इंग्लंडात राजा वारला आणि राजकन्या राणी झाली. १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथे कॉर्बेट यांचे निधन झाले.

आज पैसे मोजून, वाटाड्या घेऊन दूरच्या हिमालयी नद्यांवर गळ टाकायला लोक जातात आणि लागलेला मासा परत पाण्यात सोडतात. हे मी वडिलांना सांगितले, तेव्हा ते हसले. ज्याची चूल मासोळीवर पेटते त्याला हा खेळ परवडत नाही. पण पोटात अंडी असलेली मासोळी जाळ्यात आली, तर तेही ती नदीत सोडतात. ही गोष्ट मी लहानपणापासून पाहत आलो होतो, पण तिची किंमत मला कळली नव्हती.

दिवाळीच्या सुटीत मी त्यांच्याबरोबर नदीवर गेलो. पाण्याचा रंग पाहून डोह किती खोल, हे त्यांनी मला दाखवले. ते पुढे आणि मी मागे चालत होतो. कुंवरसिंगाच्या मागून चालणारा तो मुलगा मला आठवला. यंदा परीक्षेच्या अर्जावर वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात मी मासेमारी असे लिहिले आहे.

— बी. ए. भाग २