खर्ड्यात लढलेला फ्रेंच सेनापती हैदराबादचा ‘मुसा राम’ कसा झाला?

बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा तालुक्यांना लागून असलेल्या जामखेड तालुक्यात खर्ड्याचा भुईकोट आहे. ११ मार्च १७९५ रोजी इथे मराठे आणि निजाम यांच्यात लढाई झाली. निजामाची कवायती पलटणे तेव्हा एका फ्रेंच माणसाच्या हाताखाली होती. त्याचे नाव मिशेल रेमंड.

कोण होता रेमंड?
रेमंडचा जन्म १७५५ मध्ये फ्रान्सच्या गॅस्कनी प्रांतात झाला. व्यापारासाठी तो पाँडिचेरीला आला आणि पुढे शिपाईगिरीकडे वळला. १७८६ च्या सुमारास तो निजाम अली खानच्या चाकरीत रुजू झाला. सुरुवातीला त्याच्याकडे काहीशे शिपाई आणि भाड्याच्या बंदुका होत्या. हैदराबादेत तोफा ओतण्याचा कारखानाही त्याने चालवला. तो भाग आजही ‘गनफाउंड्री’ म्हणून ओळखला जातो.

खर्ड्यात काय घडले?
शिंद्यांच्या कवायती फौजेचा सेनानी पेराँ हाही फ्रेंचच होता. म्हणजे मायदेशी राज्यक्रांती पेटलेली असताना दोन फ्रेंच माणसे मराठवाड्याच्या सीमेवर समोरासमोर उभी होती. रेमंडची पलटणे टिकून लढत होती. पण निजामाने माघारीचा हुकूम दिला, रात्री फौजेत गोंधळ उडाला आणि निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडला गेला. त्याला जबर अटींवर तह करावा लागला.

पुढे काय झाले?
इंग्रज या लढाईत तटस्थ राहिले. त्यामुळे चिडलेल्या निजामाने रेमंडची फौज वाढवली. हेच इंग्रजांना खुपत होते. २५ मार्च १७९८ रोजी रेमंड वारला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निजामाने वेलस्लीची तैनाती फौज स्वीकारली. ऑक्टोबरमध्ये सुमारे १४ हजारांची फ्रेंच फौज मोठी लढाई न होता बरखास्त झाली. दख्खनमधील फ्रेंचांचा वचक तिथेच संपला. निजामाचे राज्य सप्टेंबर १९४८ पर्यंत टिकले. तोवर बीडही त्याच राज्यात राहिले.

आज काय उरले?
हैदराबादेत मलकपेठजवळच्या टेकडीवर रेमंडची कबर आणि दगडी स्तंभ आहे. ‘मुस्यू रेमंड’चे हिंदूंनी ‘मुसा राम’ केले, तर मुसलमानांनी ‘मुसा रहीम’. त्याच्या स्मृतिदिनी लोक तिथे जमत. त्या नावावरून पडलेले ‘मुसारामबाग’ हे नाव आज मेट्रो स्थानकाच्या पाटीवरही वाचायला मिळते.